सलाईनबद्दल मला वॉर्डात, स्टोअरमध्ये आणि रात्री-अपरात्री फोनवर विचारले जाणारे प्रश्न

मी एकोणीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे. तालुक्याच्या गावातलं मध्यम हॉस्पिटल, आणि गेली पाच वर्षं वॉर्डाबरोबर स्टोअरही माझ्याकडेच आहे, म्हणजे टेम्पोतून बॉक्स उतरवून घेण्यापासून ते कोणाच्या तरी हाताला सुई लावण्यापर्यंत सलाईनचा सगळा प्रवास माझ्या डोळ्यासमोरच होतो. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. एक आधीच सांगते, तुमच्या पेशंटला काय लावायचं ते तुमचे डॉक्टर ठरवणार, हे वाचून घरी काही करू नका.

सलाईनच्या बाटलीत नक्की असतं काय?

मीठ आणि पाणी. नॉर्मल सलाईन, ज्याला आम्ही एनएस म्हणतो, त्यात ०.९ टक्के मीठ असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम आणि नेहमीच्या ५०० एमएलच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. बस. दुसरी आरएल, रिंगर लॅक्टेट, तिच्यात मिठाबरोबर थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट असतं, म्हणजे रक्तातल्या क्षारांच्या जरा जवळ जाणारं पाणी. तिसरी डी फाइव्ह, ज्याला लोक ग्लुकोजची बाटली म्हणतात, तिच्यात ५ टक्के साखर. आणि डीएनएस म्हणजे साखर आणि मीठ दोन्ही. कपाटात अजून दहा प्रकार असतात पण वॉर्डातली नव्वद टक्के कामं या चौघांवर चालतात.

ताकद यायला सलाईन लावतात ना? ते पिवळं वालं?

हा प्रश्न मला भाजीवाल्या मावशींपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. ५०० एमएल डी फाइव्हमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी, एक पोळी खाल्ली तर तेवढ्याच मिळतात आणि वर भाजी पण पोटात जाते. आणि ते पिवळं म्हणजे साध्या बाटलीत मल्टिव्हिटॅमिनचं एक इंजेक्शन सोडलेलं असतं, त्याने रंग येतो, आणि दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते ती त्यातलंच उरलेलं बाहेर चाललेलं असतं.

मग बरं का वाटतं? कारण माणूस खरंच सुकलेला असला तर पाण्याने बरं वाटतंच, शिवाय दोन तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, कोणीतरी येऊन विचारपूस करतं. घरातल्या बाईला तर वर्षात एवढी विश्रांती सलाईन लागल्यावरच मिळते, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

डॉक्टरांची पण चूक आहे यात. पेशंट म्हणतो बाटली लावा, नाही लावली तर तो समोरच्या दवाखान्यात जाऊन लावून घेतो, म्हणून मग लावून टाकतात.

मग खरंच कोणाला लागतं?

ज्याला तोंडाने घेता येत नाही किंवा घेतलेलं पुरत नाही त्याला. उलट्या थांबत नाहीत, बेशुद्ध आहे, अपघातात रक्त गेलंय, बाळंतपणात रक्तस्राव झालाय, सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, बीपी खाली गेलंय, डेंग्यूत रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतंय, भाजलंय, पोटाचं ऑपरेशन आहे, डायबेटिस बिघडून रक्तात आम्ल साचण्याचा कीटोअ‍ॅसिडोसिस झालाय. इथे सलाईन म्हणजे अक्षरशः जीव. गॅस्ट्रोच्या साथीत एक म्हातारे बाबा आले होते, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, मनगटाला नाडी लागेना. दोन्ही हातांना मोठ्या सुया लावून आरएल धो धो सोडलं, तासाभराने बाबा म्हणतात, सिस्टर चहा मिळंल का.

ज्याचं हार्ट कमजोर आहे किंवा किडनी चालत नाही त्याला मात्र हेच पाणी फुफ्फुसात साचून दम लावू शकतं. मिठाचा हिशोब पण बघा, डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं आणि एनएसच्या एका बाटलीतच साडेचार ग्रॅम आहे. बीपीवाल्या आजोबांना लोणचं खाऊ देत नाही आणि ताकद म्हणून दोन बाटल्या लावा म्हणता, कसं चालेल.

मीठ-पाणीच आहे तर हॉस्पिटलवाले स्वतः का बनवत नाहीत?

कारण अवघड काम मिठाचं नाहीये, पाण्याचं आहे. तोंडाने घेतलेलं पाणी पोट, आतडं, लिव्हर असे तीन नाके ओलांडून रक्तात जातं, शिरेतून दिलेलं एकदम आत. पाणी उकळून जंतू मेले तरी मेलेल्या जंतूंचं विष पाण्यात उरतं, ते उकळून जात नाही, आणि ते रक्तात गेलं की पेशंट अर्ध्या तासात थंडी वाजून कुडकुडायला लागतो. पूर्वी या तापाचं कारणच कळत नव्हतं, १९२३ च्या सुमारास फ्लोरेन्स सीबर्ट या अमेरिकन बाईंनी दाखवून दिलं की डिस्टिल्ड वॉटरमधल्या जंतूंच्या विषामुळे हा ताप येतो. म्हणून कारखान्यात त्यासाठी वेगळं पाणी बनवतात, बाटली भरून सील करून वाफेच्या दाबाखाली, साधारण १२१ डिग्रीला, निर्जंतुक करतात, आणि मग प्रत्येक बॅचचे नमुने तपासतात, त्यातली जंतूंची टेस्ट एकटीच चौदा दिवस चालते. म्हणजे आज भरलेली बाटली उद्या दुकानात येतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे टंचाईच्या प्रश्नात लागणार आहे.

ही शिरेतून पाणी द्यायची आयडिया आली कुणाच्या डोक्यात?

कॉलऱ्यामुळे आली. विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण आयरिश डॉक्टरने कॉलऱ्याच्या पेशंटचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार गेलेत, ते परत घाला. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये लीथच्या थॉमस लाटाने ते खरंच केलं. त्याची पहिली पेशंट एक म्हातारी बाई, जवळपास गेल्यात जमा, तिला सहा पिंट म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी दिलं आणि ती चक्क उठून बोलायला लागली. मग लाटा दमून घरी गेला, जुलाब परत सुरू झाले, पुन्हा पाणी कोणी दिलं नाही आणि काही तासांत ती गेली. आमच्या इन्चार्ज सिस्टर नव्या पोरींना हेच ओरडून सांगायच्या, बाटली लावून विसरू नका, आउटपुट, म्हणजे लघवी-जुलाब किती गेले ते, लिहा.

तो ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी टाकल्या, हे मला अजूनही भारी वाटतं.

सलाईन संपू शकतं का? म्हणजे खरंच बाजारातून गायब?

हो, आणि तेही अमेरिकेत. २०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटी हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडात घुसलं आणि वर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात जाऊन कोसळलं. तिथे मॅरियन गावाजवळ बॅक्स्टर कंपनीचा नॉर्थ कोव्ह नावाचा कारखाना आहे. बांध फुटून पाणी आत शिरलं, कारखान्याकडे जाणारे पूल गेले. हा एकटा कारखाना रोज सुमारे १५ लाख पिशव्या काढायचा, आख्ख्या अमेरिकेला लागणाऱ्या आयव्ही फ्लुइडच्या, म्हणजे शिरेतून द्यायच्या पाण्याच्या, जवळपास ६० टक्के. एक कारखाना! कंपनीने लगेच कोटा लावला, सुरुवातीला बऱ्याच हॉस्पिटलांना नेहमीच्या मागणीच्या ४० टक्केच माल मिळत होता. त्यात दोन आठवड्यांच्या आत मिल्टन वादळ आलं, ते फ्लोरिडात डेटोना बीचला दुसऱ्या मोठ्या कंपनीचा कारखाना आहे त्याच बाजूने, तेव्हा तिथला माल वादळाच्या आधी ट्रक भरभरून दुसरीकडे हलवला. तो कारखाना वाचला, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

असं पहिल्यांदा झालं असंही नाही. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिको झोपवलं तेव्हा तिथे बनणाऱ्या छोट्या पिशव्या, ज्यात अँटिबायोटिक मिसळून देतात, त्या महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. सात वर्षांत धडा काय घेतला ते तुम्हीच बघा.

इतकी साधी वस्तू, मग दहा कंपन्या का नाही बनवत?

कारण त्यात पैसा नाही. कारखान्याचा खर्च औषधाचा आणि विकायचा भाव पाण्याचा. शिवाय जड आणि अवजड, ५०० एमएलच्या २४ बाटल्यांचा बॉक्स म्हणजे बारा किलोच्या वर, आमचा वॉर्डबॉय दोन बॉक्स वर नेऊन तिसऱ्याला कंबर धरतो. अशी वस्तू लांबून आणायला परवडत नाही आणि साठवायला गोडाऊन लागतं, म्हणून हॉस्पिटलं पण थोड्या दिवसांचाच माल ठेवतात. मोठ्या प्रमाणावर काढली तरच परवडते, म्हणून शेवटी दोन-चारच कंपन्या उरतात.

मग अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी केलं काय?

सरकारने बाहेरच्या देशांतून, कॅनडा, आयर्लंड, इंग्लंड, चीन इथल्या कारखान्यांतून माल आणायला तात्पुरती परवानगी दिली. बऱ्याच हॉस्पिटलांनी तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली. घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांना पण फटका बसला कारण त्यांचं पाणी त्याच कारखान्यातून यायचं, ही गोष्ट बातम्यांत फार कमी आली.

पण मला जास्त इंटरेस्ट होता तो वॉर्डात काय झालं त्यात. ज्याला गिळता येतं त्याला पाणी, ज्यूस, क्षाराचं पेय तोंडानेच. गोळीवर जाता येत असेल तर इंजेक्शन बंद, गोळी सुरू. जी अँटिबायोटिक्स चालतात ती पिशवीत न मिसळता सिरिंजमधून हळूहळू पुश. लाइन नुसती चालू राहावी म्हणून थेंब थेंब सोडून ठेवतात ते बंद, त्याऐवजी सुई फ्लश करून, म्हणजे सिरिंजने थोडं सलाईन सोडून साफ करून, कॅप लावून ठेवायची. ऑपरेशनच्या आधी दोन तासांपर्यंत साधं पाणी प्यायला द्यायचं, रात्री बारापासून कोरडं ठेवून मग सलाईन लावायचं नाही. रोज राउंडला एकच प्रश्न, याला हे अजून लागतंय का?

यातली बहुतेक कामं एरवी पण करायलाच हवीत, वादळाची वाट बघायची काय गरज होती!

कारखाना त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने परत सुरू झाला पण माल परत सगळीकडे पोचायला वेळ लागतोच, चौदा दिवसांची टेस्ट आठवते ना.

आपल्याकडे अशी टंचाई होते का?

आपल्याकडे कारखाने बरेच आहेत, त्यामुळे एक बंद पडला म्हणून देशभर बोंब होईल असं नाही. आपल्याकडे टंचाई वेगळ्या तऱ्हेने येते. टेंडर अडकतं, बिलं थकतात, पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टो-गॅस्ट्रो एकदम येतात आणि स्टोअरमध्ये नेमकं हवं ते नसतं. राज्यात सरकारी औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी कंपनीकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं. मधल्या काळात नातेवाईकांच्या हातात चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला सांगणं हा प्रकार किती जणांनी पाहिलाय ते मी वेगळं सांगायला नको.

आणि दुसरी टंचाई म्हणजे खात्रीच्या मालाची. २०२४ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या, संशय आरएलवर आला आणि राज्याने त्या कंपनीचं आरएल वापरणं थांबवलं. असं झालं की बाटल्या कपाटात असूनही हात लावता येत नाही.

तुमच्याकडे माल कमी पडला तेव्हा तुम्ही काय केलं?

एकदा पावसाळ्यात ऐन साथीत आमच्या नेहमीच्या डीलरने चार दिवस नुसतं उद्या येतो उद्या येतो केलं. शनिवारी संध्याकाळी मोजले तर आरएलचे दोन बॉक्स आणि वर सात बाटल्या. वॉर्डात डेंग्यूचे अकरा.

पहिलं काम, सगळ्या वॉर्डांची कपाटं, ट्रॉल्या, अगदी खिडकीतल्या बाटल्या पण गोळा करून एका जागी आणल्या. तुम्हाला खोटं वाटेल पण १९ बाटल्या अशाच निघाल्या, प्रत्येक सिस्टर आपल्या ड्युटीत कमी पडू नये म्हणून लपवून ठेवते, मी पण ठेवायचे. मग ऑपरेशन थिएटर, लेबर रूम आणि कॅज्युअल्टी यांचा वाटा आधी बाजूला काढून कुलूप, तो कोणी मागितला तरी नाही, एमडी सरांनी मागितला तरी नाही. उरलेल्यातून वॉर्ड. सर आणि मी प्रत्येक कॉटवर गेलो, आणि अकरापैकी सहा जण आरामात पाणी पीत होते, एक तर वडापाव खात होता आणि हाताला बाटली चालू. सहाही बंद केल्या. प्रत्येकाच्या उशाशी लिटरची पाण्याची बाटली ठेवली, तीवर पेनाने रेघा मारल्या आणि नातेवाईकाला सांगितलं या रेघेपर्यंत दुपारपर्यंत, त्या रेघेपर्यंत रात्रीपर्यंत. एका काकांनी भांडण केलं की पैसे भरून पाणीच प्यायचं तर घरी काय वाईट होतं. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

सोमवारी टेम्पो आला. तोपर्यंत कोणालाही कमी पडलं नाही.

आरएल नसेल तर एनएस लावा, त्यात काय एवढं?

बऱ्याचदा चालतं, पण आंधळेपणाने नाही. रक्त चढवताना त्या लाइनीत एनएसच लागतं, आरएलमधल्या कॅल्शियममुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे रोजचं अँटिबायोटिक, ते पण आरएलमध्ये मिसळायचं नाही. डी फाइव्ह तर बीपी पडलेल्या पेशंटला भरून काढायला उपयोगाचंच नाही, त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे नुसतं पाणी राहतं, जास्त गेलं तर सोडियम खाली येऊन पेशंट बरळायला लागतो. शुगरवाल्यांना ते लावलं तर कधी कधी त्यातच इन्सुलिन टाकावं लागतं.

आणि वाचवायच्या नादात काहीही पुश करायचं नाही. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक हळूच गेलं पाहिजे, घाई केली की तोंड-मान लालभडक होते. पोटॅशियमचं इंजेक्शन थेट पुश म्हणजे हार्ट बंद. ते कधीच नाही.

तोंडाने पिऊन खरंच सलाईनचं काम होतं?

१९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित आले तेव्हा बंगालमध्ये बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता. डॉ. दिलीप महालनोबिस तिथे होते, दोन खोल्या, जमिनीवर पेशंट, आणि सलाईन संपत आलेलं. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजची पाकिटं कलकत्त्यात भरून घेतली, ड्रममध्ये पाण्यात कालवली, आणि नातेवाईकांनाच सांगितलं, पाजत राहा. जिथे शंभरातले वीस-तीस मरत होते तिथे ते प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. आज आपण ओआरएस म्हणतो ते हेच. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत जातात आणि पाठोपाठ पाणी ओढून नेतात, जुलाब चालू असले तरी, म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं ग्लुकोज तेवढं कामाचं नाही. महालनोबिस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मिळालं. मेल्यावर.

सिस्टर, सलाईन फार हळू जातंय, जरा वाढवू का?

नाही. नळीवरचं ते चाक फिरवायचं नाही. साध्या सेटला साधारण २० थेंब म्हणजे एक एमएल, त्या हिशोबाने ५०० एमएल आठ तासात द्यायचं असेल तर मिनिटाला २१ थेंब, चार तासात द्यायचं असेल तर ४२. मी घड्याळ धरून मोजून लावलेलं असतं आणि तुम्ही घरी लवकर जायला मिळावं म्हणून पूर्ण उघडता. एका आजींना त्यांच्याच मुलाने असं केलं आणि पहाटे तीनला त्यांना बसवून ऑक्सिजन लावावा लागला.

बाटली संपली की रक्त उलटं येतं, आणि नळीत बुडबुडे दिसतात, काय करायचं?

घाबरायचं नाही, चाक बंद करा आणि बेल दाबा. नळीत थोडं रक्त दिसलं म्हणजे पेशंटचं रक्त सगळं बाहेर येणार असं नसतं, फक्त ते गोठून सुई बंद पडते आणि मग दुसरीकडे टोचावं लागतं. बारीक बुडबुड्यांनी पण काही होत नाही, पिक्चरमध्ये दाखवतात तसं तर अजिबात नाही. आणि आम्ही बाटलीच्या वर सुई खुपसतो ती हवा आत जायला, काहीतरी इंजेक्शन चोरून देत नाहीये.

सुईच्या जागी सूज, आग, लाल रेघ दिसली तर मात्र लगेच बोलवा, त्यात भीड नको.

बाहेरून बाटली आणायला सांगितली तर बघायचं काय?

एक्स्पायरी, सील, आणि बाटली उजेडात धरून उलटी करा. कण तरंगताना दिसले, गढूळ वाटलं, दाबल्यावर कुठून थेंब आला तर परत करा. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो, उद्या काही झालं तर शोधायला तोच एक धागा.

ओआरएसचं पाकीट अर्धं फोडून ग्लासात टाकलं तर चालतं ना?

नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त घरांत होते. मोठं पाकीट, २१ ग्रॅमच्या आसपासचं, पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम. छोटं पाकीट २०० एमएलला, म्हणजे एक ग्लास. मोठं अर्धं एका ग्लासात टाकलं तर इतकं खारट-दाट होतं की जुलाब वाढतात आणि लहान पोराला तर धोकाच. पाकिटावर किती पाणी ते छापलेलं असतं, ते वाचा. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर फेका, उकळायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, आणि मीठ हात सैल सोडून नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने. आणि मेडिकलमध्ये टेट्रापॅकमध्ये गोड सरबत मिळायचं त्याला ओआरएस समजू नका, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायलाच बंदी केलीये, पण जुना माल कुठल्या फळीवर पडलेला असेल सांगता येत नाही. पोर सुस्त पडलं, सहा तास लघवी झाली नाही किंवा रडताना डोळ्यात पाणी येत नसेल तर मग चमचा ठेवा आणि त्याला घेऊन या, आमच्याकडे कुलपातल्या बाटल्या त्याच्यासाठीच असतात.